कार्बनचा दांडा आणि सुमनचं कर्णफूल

मागच्या उन्हाळ्यात मी सव्वा तास आमच्या बाजेला चिकटलेला होतो.

झालं असं, की चौसाळ्याजवळच्या आमच्या रानात कांदा काढताना बायकोच्या, म्हणजे सुमनच्या, कानातलं सोन्याचं फूल पडलं. तिच्या वारलेल्या आईचं! आणि तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर. सुमन मुकाट्यानं वाफे चाळत बसली. मला कुठलं बसवतंय! मी धातू शोधायचं यंत्र मागवलं. आलं, तर त्याचा दांडा माझ्या उंचीला आखूड.

"मग बांबू बांधा की," सुमन म्हणाली.

"बांबू? अगं, ही मशीन हाय!"

मोबाइलवर मी पाहिलंच होतं, परदेशातले लोक कार्बन फायबरचा दांडा घरी करतात. हलका, पोलादासारखा! प्लास्टिकच्या पाइपावर काळं कापड गुंडाळायचं, चिकट रसायन फासायचं, वाळलं की पाइप ओढून काढायचा. सामान यायला आठवडा गेला. (कुरिअरवाल्यानं शेवटी माझा फोन उचलणं बंद केलं.)

डब्यावर लिहिलं होतं, 'अर्ध्या तासात घट्ट होते.' तो अर्धा तास थंड मुलखातला असणार! आमच्या अंगणात सहाव्या मिनिटाला रसायन वाफाळलं, दांडा बाजेला चिकटला, बाही दांड्याला चिकटली आणि बाहीत मी होतो!

"हलू नका!" सुमन कात्री घेऊन आली. "लग्नाचा शर्ट काहून घातला हो?"

"घाईत हाताला लागला!"

सव्वा तासाच्या कातरकामात शर्ट गेला, बाजेच्या दोन पट्ट्या गेल्या, आतला पाइप तर निघालाच नाही. पण दांडा झाला! थेट यंत्राच्या खालच्या, धातू हुंगणाऱ्या चकतीपर्यंत काळाभोर, चकचकीत. मी तसाच बनियनवर रानात पळालो.

यंत्र चालू केलं. पिंऽऽऽ! खणलं. काही नाही. पाऊल सरकवलं. पिंऽऽऽ! पुन्हा खणलं. दुपारपर्यंत सतरा खड्डे झाले! शेजारचा सोपान शेळ्या सोडून बांधावर आला.

"काय बे, निजामाचा हंडा घावला काय?"

"फूल शोधतोय!"

"फुलाला एवढा खड्डा?"

तो गेला आणि पंधरा माणसं घेऊन आला. दोघांनी तर स्वतःच्या कुदळी आणल्या होत्या!

तेव्हा सुमन उठली. तिनं माझ्या हातातून यंत्र घेतलं, कार्बनचा दांडा काढून फेकला, चकतीला सुतळीनं बांबू बांधला. यंत्र गप्प! ती वाफ्यावाफ्यानं फिरली. चौथ्या वाफ्यात एकदाच 'पिं' वाजलं. तिनं बोटांनी माती उकरली आणि तिथंच मटकन खाली बसली. फूल मुठीत, डोळ्यांत पाणी.

मी मात्र तणतणत यंत्रवाल्याला फोन लावला. "तुमचं यंत्र खराब हाय!"

सगळं ऐकून तो म्हणाला, "अहो, चकतीला चिकटून कार्बन लावलात? कार्बनमधून वीज वाहते. यंत्र तुमच्या दांड्यालाच ओरडत होतं!"

मी फेकलेल्या काळ्या दांड्याकडं पाहिलं.

"साहेब, आपण करता काय?"

"शिक्षक आहे."

"कोणता विषय?"

(पेन्सिलीच्या शिशातून वीज नेऊन दिवा लावून दाखवायचा प्रयोग मी आठवीच्या वर्गात बावीस वर्षं करतोय. ते शिसं कार्बनचं असतं, हेसुद्धा मीच सांगतो.)

"मराठी," मी म्हणालो आणि फोन ठेवला.