खिळा मोकळा होता

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. परळीच्या आमच्या टॉकीजमध्ये धूर झाला, त्या दुपारी बायकांच्या जिन्याची किल्ली माझ्या खिशात होती.

अक्काला तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी दाराची कडी सरकवून बघायची. सहज सरकली की म्हणायची, "हां, आता आण चहा."

टॉकीजमध्ये बायका बाल्कनीत बसायच्या. तिथं तिकिटं फाडायला अक्का, खाली दारावर मी. फुकटी पोरं वर घुसू नयेत म्हणून खेळ सुरू झाला की जिन्याच्या जाळीच्या दाराला मी कुलूप लावायचो आणि किल्ली शेजारी, आतूनही हात पोचेल अशा खिळ्याला अडकवायचो. त्या दिवशी कुलूप लावलं, किल्ली अडकवायची विसरलो, आणि समोर चहाला गेलो.

पडद्यावर ते बर्फाला धडकलेलं मोठं जहाज बुडत होतं. वायर जळाली, धूर वर चढला. जाळी हलवणाऱ्या बायकांचा आरडाओरडा मला रस्त्यापलीकडं ऐकू येत होता. आता किल्ली घेऊन गेलो तर लोक मलाच धरतील, एवढंच डोक्यात. पाय हलले नाहीत. अक्कानं लोखंडी स्टुलानं कुलूप तोडलं. सगळ्या बायका सुटल्या. तिची करंगळी कायमची वाकडी झाली.

त्या गर्दीत मी किल्ली गुपचूप खिळ्याला अडकवली.

मालक आले. "किल्ली तर इथंच हाय! बाई घाबरली, दुसरं काय. चूक कबूल कर अन् कामावर राहा."

"खिळा मोकळा होता," अक्का म्हणाली. "कुलूप मी तोडलं. परत लावा, परत तोडीन."

त्याच संध्याकाळी ती काम सोडून गेली. गल्लीत मात्र 'समोरची किल्ली न दिसलेली बाई' हेच तिचं नाव पडलं.

पुढं टॉकीज बंद पडलं. आम्ही शेजारीच राहायचो. एकदा म्हणाली, "त्या जहाजाचे आणखी पिक्चर हायेत म्हणं. लाव की रं." मी मोबाईल टीव्हीला जोडून दिला. जुना काळा-पांढरा पाहून म्हणाली, "ह्यात लई साहेब लोक. खालचे माणसं कुठायत?" दुसरा मालिकेसारखा लांबलेला. "ह्यात नुसतं रडायलेत." मग टॉकीजमध्ये अर्धा राहिलेला रंगीत. खालच्या मजल्यावरचे लोक बंद जाळी हलवू लागले तशी ती पुढं सरकली. "ह्यानं कुलूप तरी दाखवलं. पर किल्ली कुणापाशी होती, ते एकबी दाखवत न्हाई. कावून रं?"

"पिक्चर हाय अक्का ते."

"मंग खऱ्यात कोण दाखवायलंय?" ती हसली. वाकड्या करंगळीनं चष्मा वर सरकवला. "परत लाव."

मी परत लावला.

यंदा अक्का गेली. दहाव्याला कुणीतरी म्हणालंच, "बाई धीट, पर समोरची किल्ली दिसली न्हाई तिला." चार माणसं हसली. तिच्या लेकानं मान खाली घातली. मीही घातली.

हे लिहून तिचं देणं फिटत नाही. त्याच चार माणसांत, तिच्या लेकासमोर उभं राहून तोंडानं सांगायचं बाकी आहे: खिळा मोकळा होता. किल्ली माझ्यापाशी होती.