पाहुण्यांचा पहिला टेक

आमच्या बँडला श्रोते मोजकेच मिळाले, किस्से मात्र पोत्याने जमलेत. मित्र भेटले की एखादा सांगायला लावतात. मी हसत हसत सांगतो, आणि घरी आल्यावर लक्षात येतं की यातल्या प्रत्येक किश्श्यात कोणीतरी मनापासून घाबरलेलं होतं. बऱ्याचदा मीच.

बँड म्हणजे आम्ही तिघं. मी बेस गिटार वाजवतो आणि रेकॉर्डिंग बघतो, प्रतीक ड्रम्सवर आणि सिल्विया कीबोर्डवर. वालीवला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे, त्यालाच आम्ही स्टुडिओ म्हणतो. वाजवतो प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे काय, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. मी म्हटलं, गाणं एवढं लांब असतं की कुकर लावून भात होतो, आणि मधेच ताल बदलतो. त्या म्हणाल्या, "मग लोक उठून जात नाहीत?"

जातात.

अशा अल्बममध्ये पाहुणे बोलवायची पद्धत असते. बँड आपला वाजवत असतो आणि एखाद्या गाण्यात बाहेरचा कोणी येऊन बासरी किंवा व्हायोलिन वाजवून जातो. आम्ही ठरवलं, आपल्या प्रत्येक गाण्याला एक पाहुणा, आणि सगळे वसई-विरारचेच. त्यात प्रतीकने नियम घातला. पाहुण्याला गाणं आधी ऐकवायचं नाही. हेडफोन लावायचे, पहिल्यांदा ऐकता ऐकताच वाजवायचं, आणि तोच टेक ठेवायचा. "घाबरलेला माणूस शायनिंग मारत नाही," हे त्याचं म्हणणं. स्वतः मात्र ड्रम्सचा एकेक टेक दिवसभर घेतो.

*

पहिला पाहुणा विरारचा एक गिटारिस्ट. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बरेच लोक बघतात. गॉगल लावूनच आत आला. म्हणाला, "ब्रो, मला नर्व्हस व्हायला होतच नाही."

आमच्या भिंतीपलीकडे पॉवर प्रेस आहे, पत्र्याचे भाग ठोकणारं. आम्हाला त्याची सवय झालेली, म्हणून सांगायचं राहून गेलं. गाणं सुरू झालं, त्याने पहिला सूर लावला आणि पलीकडून धाडकन ठोका पडला. गडी गिटारसकट खाली बसला. गॉगल टेबलाखाली गेला.

पण नियम म्हणजे नियम, मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. बिचारा तसाच जमिनीवर बसून वाजवत राहिला. पुढचा ठोका कधी पडेल या धास्तीने त्याने प्रत्येक ठोक्याच्या आधी सूर आवरता घेतला आणि ठोका पडला की पुन्हा सुरू केला. जाताना भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "ड्रमर भारी आहे तुमचा." प्रतीक तेव्हा बाहेर चहा प्यायला गेला होता.

*

दुसरे पाहुणे नंदाखाल गावाकडचे, भजनात पेटी वाजवणारे बुवा. स्वभावाने इतके गरीब की स्टुलावर बसायलाही परवानगी मागितली. त्यांचं गाणं सात मात्रांचं, मधेच पाच मात्रांचं होतं आणि शेवटी हळूहळू विरत जातं. मुद्दाम कुठेच न पोचणारं गाणं होतं ते, आम्हाला फार अभिमान होता त्याचा.

बुवांनी सात धरलं, पाच आल्यावर कपाळाला घाम आला तरी धरलं. पण गाणं विरायला लागलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. आम्ही बंद केलं तरी बुवा थांबेनात. डोळे मिटून, भाता मारत, एकटेच शोधत राहिले. शेवटी एका सुरावर आले, मान डोलावली आणि पेटी मिटली.

मी म्हटलं, "बुवा, गाणं कधीच संपलं होतं."

"तुमचं संपलं असेल," बुवा म्हणाले. "समेवर आल्याशिवाय मी घरी कसा जाऊ? वाटेत काही झालं म्हणजे?"

ते घाबरून बोलले होते, चेष्टा नव्हती. आम्ही त्यांची सम अल्बममध्ये ठेवली. आता आमचं कुठेच न पोचणारं गाणं व्यवस्थित पोचतं.

*

पापडीच्या अॅग्नेस टीचर चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवतात. आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे गाद्या आणि प्लायवूड ठोकून केलेली लहानशी पेटी, तिला एक काच, आणि दार दमट हवेत फुगतं. टीचर आत गेल्या, दार लागलं, वाजवायला सुरुवात केली आणि वालीवची लाईट गेली.

कॉम्प्युटर यूपीएसवर होता, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू राहिलं. पण आत काळोख, पंखा बंद, आणि दार काही उघडेना. प्रतीक खांद्याने धडका देतो आहे, सिल्विया रडकुंडीला आली आहे, मी शेजारून पहार आणायला धावलो. त्या सगळ्या वेळात आतून व्हायोलिन ऐकू येत होतं. गाणं सोडून टीचर भलतंच काहीतरी, वेगात, न थांबता वाजवत होत्या. मला तर ते थांबेल याचीच भीती वाटत होती.

दार उखडलं तेव्हा टीचर घामाने भिजलेल्या होत्या, पण साडीची निरी जागेवर. मी म्हटलं, "टीचर, कमाल आहे तुमची, घाबरला नाहीत!"

त्या म्हणाल्या, "वाजवायची थांबले असते, तर किंचाळले असते. क्वायरची मुलं तुमचा अल्बम ऐकणार आहेत ना."

*

राहिलं शेवटचं गाणं. त्याला पाहुणा मिळत नव्हता, आणि मिळाला तो नको होता. ते होते सिल्वियाचे वडील, पाचूबंदरचे इनासकाका.

इनासकाकांचा कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, गावातल्या सगळ्या लग्नांत वाजलाय आणि सगळ्या मयतांतही. पण हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचं फुंकणं बंद केलं. हृदय कमजोर आहे, छातीवर जोर आला तर जागच्या जागी काही होऊ शकतं, असं स्पष्ट सांगितलं. सिल्वियाने कॉर्नेट कपाटावर चढवून ठेवला. बाप खोलीत एकटा असला की ती उगाच डोकावून येते. हे तिनेच मला सांगितलंय.

गावात एकजण वारले तेव्हा मी सिल्विया आणि काकांसोबत दफनाला सिमेट्रीत गेलो होतो. वाजवणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून दफनाच्या वेळचं शेवटचं गायन फादरांच्या मोबाईलवरून स्पीकरला जोडलं होतं. शवपेटी खड्ड्यात उतरत होती आणि गायन मधेच थांबलं. स्पीकरमधून एक बाई आनंदाने सांगायला लागली की अमुक साबणाला आता दुप्पट फेस येतो.

माती टाकायला उचललेले हात तसेच राहिले. फादर घाईघाईने मोबाईल चाचपत होते. हसण्यासारखंच होतं ते, पण कोणी हसलं नाही. इनासकाकांनी माझं मनगट धरलं.

"आधी हितं कोन वाजवायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच की, काका."

"आनि आता?"

मी दुसऱ्या हाताने माती उचलली. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "तुमच्या त्या शेवटच्या गान्याला मी येतो."

सिल्विया ऐकून रस्त्यातच उभी राहिली. "नाय पप्पा. बिलकुल नाय." पुढचे कित्येक दिवस ती नाहीच म्हणत राहिली.

आणि एका दुपारी काका बसने वालीवला आले. कॉर्नेट पंच्यात गुंडाळलेला. प्रेसवाल्यांची जेवणाची सुट्टी होती, सगळीकडे शांत होतं. सिल्वियाने बापाकडे पाहिलं आणि तिला कळलं की आज नाही म्हणून उपयोग नाही. ती म्हणाली, "एकच टेक."

काका म्हणाले, "तुमचा नियमच हाय ना."

प्रतीक गाडीची चावी हातात घेऊन खोलीच्या दाराशी उभा राहिला. माझं बोट स्टॉपच्या बटणावर. सिल्विया हेडफोन लावून काचेशी उभी, नजर बापाच्या छातीवर. मी इतका घाबरलो होतो की गाणं कुठे आलंय तेही कळत नव्हतं.

काका बराच वेळ नुसते ऐकत बसले. मग उठले, कॉर्नेट ओठांना लावला आणि सिमेट्रीतलं ते शेवटचं गायन सुरू केलं. आमच्या तालाकडे त्यांनी बघितलंही नाही. सावकाश, कुठेही न अडखळता. शेवटचा सूर त्यांनी इतका लांबवला की मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा जांभळा झाला. सिल्विया पुटपुटत होती, "पुरे पप्पा, पुरे." सूर संपला. काका धप्पकन स्टुलावर बसले आणि मान खाली गेली.

प्रतीकने दार उघडलंसुद्धा. तेवढ्यात काकांनी मान वर केली. "पानी."

मग म्हणाले, "आता तुमचं ढोलबिल सगळं काढ. फकस्त माझं ऐकव."

मी बाकी सगळे आवाज बंद करून नुसता कॉर्नेट त्यांच्या हेडफोनमध्ये लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग मला काचेतून खुणेने आत बोलावलं. मी पाणी घेऊन गेलो. खोलीतला माईक बंद करायचा राहून गेला.

काका हळू आवाजात म्हणाले, "यात मधी साबनवाली नाय ना येनार?"

"नाही काका. ही तुमचीच फाईल आहे."

"मग दोन कॉप्या काढ. एक घरी ठेवतो. एक फादरकडे देऊन ठेवतो."

मी बाहेर आलो. सिल्विया तशीच काचेशी उभी होती. तिने कानावरचे हेडफोन काढले, नीट खुंटीला अडकवले.

"तीन काढ," ती म्हणाली.