ताकदीच्या गोळ्या

टाचणीमावशींना हे नाव गल्लीनेच दिलं. कापड बेतताना त्यांच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या. गिऱ्हाइकाने नको ते विचारलं की त्या नुसतं "हुं" करायच्या. टाचण्यांची ही सोय त्यांनी जन्मभर वापरली.

लेक बारा वर्षांची असताना एका पहाटे झोपेतच तिचं अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. उठल्यावर तिला काहीच आठवेना. नुसती जीभ चावलेली. डॉक्टर म्हणाले, "फिट आहे. गोळ्या रोज दोन वेळा, एकही चुकता कामा नये. आणि पोरीला स्वतःला नीट सांगा." मावशी हो म्हणाल्या. पण फिट येते म्हणून त्यांच्या नणंदेला घरच्यांनी कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी आल्यावर त्यांनी लेकीला सांगितलं, "अशक्तपणा आहे बाळा. ह्या ताकदीच्या गोळ्या." खोटं बोलायचं तर इतकं गोड तरी कशाला बोलावं? पण बोलून गेल्या खऱ्या.

तीन वर्षं पोरीने मुकाट्याने गोळ्या घेतल्या. फिट पुन्हा आली नाही.

यंदा शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग पडला आणि मावशी मशीनवरच पेंगायला लागल्या. पुढे पुढे तर बाही उलटी लागली, एकच कॉलर दोनदा उसवावी लागली. त्यात लेकीच्या हातचा चहा कडू लागे. "अगं, असा चहा पाजलास तर सासू दुसऱ्या दिवशी माहेरी आणून सोडेल तुला," त्या म्हणायच्या. लेक हसायची, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही.

त्या दुपारी लेक टेबलाशी शर्टांना इस्त्री करत होती. मावशींचं डोकं मशीनवर टेकलेलं. जळका वास आला तेव्हा त्यांना वाटलं, कापड जळतंय. डोळे उघडायलाही त्यांना वेळ लागला. लेक जमिनीवर आचके देत होती, आणि तापलेली इस्त्री तिच्या उजव्या हातावर पडली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का?"

"एकसुद्धा नाही," मावशी फटकन म्हणाल्या. "चुकतील कशा? रोज मी स्वतः तिच्या हातावर ठेवते."

खाटेवरून लेक हळूच म्हणाली, "आई, रागावू नकोस. महिनाभर मी त्या कुटून तुझ्या चहात घालत होते. मला तर काहीच होत नव्हतं, आणि तू बसल्या बसल्या पेंगायचीस. म्हटलं, ताकद तुलाच हवी. आधी एकच घालायचे. तुझं पेंगणं वाढलं, मग दोन्ही घातल्या."

डॉक्टर मावशींकडे बघत राहिले. नर्स पट्टी बदलत होती. तीन बोटं वाचणार नाहीत, हे लेकीला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"पण आई," तिने विचारलं, "ताकदीच्या गोळ्या बंद केल्या तर असं होतं?"

मावशींच्या तोंडात तेव्हा एकही टाचणी नव्हती.