उजवीकडून वाचायची ओळ

कॉलेजच्या चौथ्या वर्षाला, ऑक्टोबरात, ब्रिटा माकेलाने जाहीर केलं की तिला डोळ्यांची डॉक्टर व्हायचंय. आमच्या गावात कुणी मान वर करूनही बघितलं नाही. आधी ती नर्स होणार होती. मग जंगलखात्यात जाणार होती, त्यासाठी महागाचे बूट घेतले आणि एका उन्हाळ्यात डासांना कंटाळून परत आली. मग दातांची डॉक्टर. ते खूळ सहा आठवडे टिकलं. मी तिच्या आईची मावसबहीण. डॉक्टर लुओमांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं काउंटर सांभाळते, चष्मे बसवून देते, त्यामुळे ही बातमी सगळ्यात आधी माझ्या कानावर आली.

"मावशी, या वेळी खरंच."

"मागच्या वेळी काय खोटं होतं?"

"मागच्या वेळी मला वाटत होतं. या वेळी मला माहितीये."

"बरं. पाय हलवणं थांबव आधी, माझ्या फ्रेम्स पडतायत."

तिचा पाय कायमच हलायचा. जेवताना दोनदा उठून खिडकीशी जायची, चर्चमध्ये बाकाच्या अगदी टोकाला बसायची, म्हणजे कधीही सटकता यावं. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. आर्विडने, तिच्या बापाने, एकट्याने वाढवली. तो काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, बर्फ सारणारा ट्रक चालवायचा. पहाटे चारला निघायचं, दुपारी येऊन स्वयंपाक करायचा, आणि पोरीने काहीही सोडलं तरी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मला त्याचा राग यायचा. एकदा तरी ओरड की बाबा, असं वाटायचं.

पण मी एक गोष्ट पाहिली होती, ती खोटी म्हणता येत नाही. सप्टेंबरात ब्रिटा चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आली होती. माझ्या हातात दुसरं काम होतं, म्हणून मी तिला भिंगाचा नंबर बघायच्या यंत्रासमोर बसवलं आणि दान आलेल्या जुन्या चष्म्यांचं खोकं पुढे सरकवलं. दोन तास ती त्या खोक्यातले चष्मे एकेक करून लावत बसली. नंबर लिहून काढले. हा कुणा लांबचं न दिसणाऱ्याचा, हा म्हाताऱ्याचा, हिचा एक डोळा लहानपणापासून आळशी असणार. कॉफीवर साय धरली. दोन तास तिचा पाय हलला नाही, आणि हे मी आर्विडलाही सांगितलं.

"स्क्रू बसला का?" एवढंच त्याने विचारलं.

आता उशीर झाला होता हे उघड होतं. बाकीची मुलं उन्हाळ्यातच डोळ्यांच्या कॉलेजला अर्ज करून मोकळी होतात. अर्ज येतील तशा जागा भरत जातात. ब्रिटाची प्रवेशपरीक्षा डिसेंबरात, आणि अर्जासोबत डोळ्यांच्या एका डॉक्टरची शिफारसचिठ्ठी हवीच. आमच्याकडे तो डॉक्टर एकच. चिठ्ठीशिवाय अर्ज नाही, आणि अर्ज या वर्षी गेला नाही तर ही पोरगी पुढच्या वर्षापर्यंत पाचवं काहीतरी शोधणार, हे तिलाही ठाऊक होतं.

"नर्सिंग, झाडं, दात, आता डोळे," डॉक्टर लुओमा म्हणाले. "पुढच्या वर्षी कान असतील."

"नाही असणार."

"मग दर शुक्रवारी ये. नाताळपर्यंत टिकलीस तर चिठ्ठी लिहीन. मधेच गेलीस तर मला वाईट वाटणार नाही, तेवढं सांगून जा."

ती यायची. कॉलेज दीड तासावर, रस्ता निम्मा बर्फाखाली. आल्या आल्या पांढरा कोट चढवायची आणि मी दर तासाला तिच्या हातात निसूचा, वेलदोड्याच्या गोड पावाचा, तुकडा द्यायचे, कारण खायला ती विसरायची. माझं जुनं काम डॉक्टरांनी तिच्याकडे दिलं: माणसाला खुर्चीत बसवायचं, एका डोळ्यावर काळा चमचा धरायला सांगायचा, आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची. तक्ता सव्वीस वर्षं त्याच भिंतीवर होता. गावातल्या अर्ध्या लोकांना खालच्या ओळी तोंडपाठ होत्या, पण तसं कुणी म्हणत नसे.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आर्विड आला. दर दोन वर्षांनी काउंटीचा कागद भरून न्यावा लागतो. प्रत्येक डोळ्याने अमुक एक ओळ वाचता आली तरच ट्रकचं लायसन पुढे चालतं. लेकीला कोटात बघून तो जरासा हसला.

"आज तू का? ऑलिव्ह कुठाय?"

"मावशी फोनवर आहे. बसा पप्पा."

मी फोनवर नव्हते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

डावा डोळा ठीक निघाला. मग त्याने डावा झाकला आणि उजव्याने धडाधड पाठ म्हटल्यासारखी ओळ म्हणून टाकली. ब्रिटा लिहायला वळली, आणि थांबली.

"पप्पा, तीच ओळ उजवीकडून वाचा."

"कशाला?"

"अशीच. शेवटच्या अक्षरापासून."

त्याचा चमचा धरलेला हात तसाच वर.

"त्याच्या वरची वाचा."

"ब्रिटा, कागदावर लिही आणि दे. मला दोनला निघायचंय."

"सगळ्यात मोठं अक्षर कुठलं आहे?"

"ई," तो म्हणाला. ते तर सगळ्यांनाच माहीत असतं.

ती खुर्चीजवळ गेली, त्याच्या चेहऱ्यासमोर हात धरला आणि बोटं किती ते विचारलं. त्याने चुकीचं सांगितलं. तिने जे खरं होतं ते कागदावर लिहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मधोमध डाग होता, जुना, आणि त्यावर इलाज राहिलेला नव्हता. स्वतःची गाडी चालवायला एक डोळा पुरतो, काउंटीच्या ट्रकला पुरत नाही. आर्विडने टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता गेला.

मागच्या खोलीत ब्रिटा येरझाऱ्या घालत होती. "तुला माहीत होतं," ती मला म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या तपासणीपासून. तेव्हाही पाठच म्हटलं होतं. मी पास म्हणून लिहून दिलं."

"गेल्या हिवाळ्यात त्यांनी लोकांच्या दारासमोरच्या, रस्त्याकडेच्या सात टपालपेट्या पाडल्या, मावशी. सगळ्या उजव्या बाजूच्या. सगळं गाव हसत होतं. शाळेची बस तिथल्याच वळणावर थांबते."

मी स्वतःला चांगली बाई समजत होते, आणि दोन वर्षं एका भल्या माणसाला खूश ठेवायला डोळ्यावर कातडं ओढून बसले होते. लाज वाटली, अजून वाटते. सोमवारी मी नवा तक्ता मागवला.

काउंटीने आर्विडला गॅरेजात घेतलं, ट्रकना ग्रीस लावायला. बर्फ सारायची पाती घासायची, चाकांना साखळ्या लावायच्या, आणि पहाटे चारला दुसऱ्याच माणसाला आपल्या ट्रकवर चढताना बघायचं. त्या शनिवारी त्याने सौना, म्हणजे परसातली वाफेच्या आंघोळीची खोली, पेटवली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. वीस वर्षांत त्याच्या धुरांड्यातून शनिवारी धूर निघाला नाही असं झालं नव्हतं. ब्रिटा फोन करायची, तो उचलायचा नाही. ती परीक्षा देऊन आली, बरी गेली म्हणे, पण अर्ज तसाच पडून. मला दिवसातून चार वेळा तिचे फोन. कधी म्हणायची पाठवते, तासाने म्हणायची नाही पाठवत.

"पहिला माणूस ज्याचं मी काही ओळखलं तो माझा बाप, आणि त्याचं मी वाटोळं केलं. असं आयुष्यभर करायचं?"

"ओळखलंस ना पण?"

"तेच तर. मला झोप नाही. शुक्रवारी येते, कोट परत करायला. डॉक्टरांना सांग, चिठ्ठी नको."

मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अडीच महिने टिकली. मला वाटलं होतं त्याहून जास्तच." आणि चष्मा पुसत बसले. मला त्यांना तो चष्मा फेकून मारावासा वाटला.

नाताळच्या आधीचा शुक्रवार. ब्रिटा येऊन मागच्या खोलीत आपल्या वह्या गोळा करत होती आणि मी तिला उगाच कॉफी घे, कॉफी घे म्हणत होते. तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. आर्विड, गॅरेजाच्या कपड्यांत, कोपरापर्यंत ग्रीस. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. डॉक्टर बाहेर आले.

"हिची चिठ्ठी लिहिलीत?" आर्विडने विचारलं.

"नाही. ती नको म्हणते."

"लिहा. त्यात लिहा, हिने स्वतःच्या बापाला नापास केलं. पहिल्याच ओळीत लिहा."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "आर्विड, तू रागावला आहेस का?"

"रागावलोय. एकोणतीस हिवाळे चालवलाय मी तो ट्रक. तरी लिहा."

मागच्या खोलीच्या दारात ब्रिटा उभी होती, घडी केलेला कोट हातात घेऊन. तीन आठवड्यांनी दोघं समोरासमोर आले होते. ती त्याच्याकडे दोन पावलं आली.

"माफी मागू नकोस," तो म्हणाला. "त्या वळणावर बस थांबते, ते मला माहीत होतं. मला आधीपासून माहीत होतं." मग हातातल्या टोपीकडे बघत राहिला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याचं अजून संपलेलं नव्हतं.

"नर्सिंग सोडलंस, मी बोललो नाही. झाडं सोडलीस, दात सोडलेस, बोललो नाही. हे सोडायचं नाही, ब्रिटा. यात माझा ट्रक गेलाय."