गोजरबाईची बिनदाराची खोली

गोजरबाईच्या घराला दार नाही, यात नवल काहीच नाही. सोनईच्या पलीकडच्या त्या गावात जुन्या वस्तीत कुणाच्याच घराला दार नाही. देवाच्या भरवशावर चौकटी उघड्या. कुत्री शिरू नयेत म्हणून निजताना एक फळी आडवी लावायची, झालं. गावात कुलूप नाही तसं आमच्या आईच्या तोंडालाही नाही, असं तिची लेक पंकजा म्हणते, आणि ते अगदीच खोटं नाही.

नवरा पुंजाराम गेल्यावर गोजरबाई पुढची खोली दर्शनाला येणाऱ्यांना मुक्कामाला देऊ लागली. सकाळी चहा, आणि कुणी मागितलीच तर चुलीवरची बाजरीची भाकरी. सोनईचा रज्जाक आपल्या रिक्षातून पाहुणे आणून सोडायचा. तिचं पोट भागायचं, आणि त्याहून मोठं म्हणजे घरात माणसांचा आवाज असायचा.

अशात ग्रामपंचायतीनं नवा नियम आणायचं काढलं. पाहुणे ठेवायचे त्या खोलीला दार हवं, आतून कडी हवी, बाहेरून कुलूप हवं. नसेल त्यानं पाहुणे ठेवू नयेत. ऐकून गोजरबाईच्या मस्तकात तिडीक गेली. दार तर ती लावणार नव्हती. म्हणजे पाहुणे बंद, आणि घर पुन्हा मुकं.

"आई, लाव की एक दार. देव काही रागवत नाही," पंकजानं केडगावहून फोनवर समजावलं.

"देवाचं ऱ्हाऊ दे. मलाच नको!"

दाराशी तिचं कधी जुळलंच नव्हतं. लेकीकडे केडगावला राहायला गेली होती, तेव्हा फ्लॅट सताड उघडा टाकून ही बाई खाली कोथिंबीर आणायला गेली. शेजाऱ्यांना वाटलं, घर फोडलं. साऱ्या सोसायटीत धावाधाव. आणि ही जुडी हातात घेऊन जिना चढत विचारते, "येवढी मान्सं का जमली? कोन आजारी हाय?"

ग्रामसभेला ती काठी टेकत गेली आणि पहिल्या रांगेत बसली. सरपंच ज्योती तिच्याच आळीतली, शहाणी पोर. तिनं नियम वाचून दाखवला आणि कुणाची हरकत आहे का म्हणून विचारलं. गोजरबाई उभी राहिली.

"माजी हाय. दोन सालामागं मी न्हानीत पडले. खुबा मोडला. वरडाया गेले तर आवाज फुटंना. रज्जाक पावनं घिऊन आला. त्यानं हाका मारल्या, वो मिळंना, तसा सरळ आत शिरला. दार असतं, कडी असती, तर काकू देवळात गेली आसंल म्हनून भाईरच बसला असता. लातूरचं पावनं हुतं. दर्शन ऱ्हायलं बाजूला, मला उचलून दवाखान्यात नेलं. त्यातली एक माउली माज्यापाशी ऱ्हायली, तिनं माजी लुगडी धुतली. जिला मी भाकर करून घालायची, तिनं मला घास भरवला. माज्या पोटची न्हाई, नात्याची न्हाई. तिचं नाव घेतल्याबिगार मी आजून जेवत न्हाई. आता सांगा, कशाला लावू दार?"

मागं उभा असलेला रज्जाक उगाच चप्पल पुसायला खाली वाकला.

"काकू, तुमचं खरं हाय," ज्योती हळूच म्हणाली. "पन एकटी पोरगी मुक्कामाला आली आन् भ्यानं तिचा डोळाच लागला न्हाई, तर तिनं काय करायचं?"

गोजरबाई काठी टेकत खाली बसली.

शेवटी असं ठरलं, की दार लावायचं की नाही हे घरमालकानं बघावं, पण दार नसेल तर पाहुण्याला आधी सांगावं. गोजरबाईनं भरसभेत ज्योतीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. इतका आनंद झाला होता तिला. पण घरी जाताना तो प्रश्न पायात घोटाळत राहिला.

त्याच आठवड्यात दिवस मावळायच्या आत रज्जाकची रिक्षा थांबली. आतून एक मुलगी उतरली. नाशिकची, एकटीच, आईचा नवस फेडायला आलेली.

"बाळा, आधीच सांगते, खोलीला दार न्हाई," गोजरबाई म्हणाली. "नको वाटलं तर रज्जाक लॉजवर सोडंल. मला राग न्हाई."

मुलगी उघड्या चौकटीकडे बघत राहिली. हो म्हणवेना आणि नाही म्हणायचा संकोच, असं तिचं झालं. ते गोजरबाईनं ओळखलं. लंगडत आत गेली आणि आपली बाज ओढू लागली. रज्जाकनं धावत जाऊन दुसरी बाजू उचलली. बाज तिनं बरोबर खोलीच्या उंबऱ्याला लागून आडवी टाकायला लावली.

"मी हितं निजते. माज्यावरनं कोन वलांडून जातंय ते बघू."

मुलगी हसली. मग काठीकडे, त्या आखडलेल्या पायाकडे बघून तिनं विचारलं, "आणि आजी, रात्री तुम्हालाच काही झालं तर?"

"तू हाईस की आत."

मुलीनं खांद्यावरची बॅग काढून खोलीत ठेवली.