पलीकडचं पाणी

"हा करा."

आमच्या कारखान्याच्या गेटच्या आत पाऊल टाकलं की ऑपरेटर काका समोर उभे राहायचे आणि आपलं नाक तुमच्या तोंडाजवळ आणायचे. मग तुम्ही कंत्राटी कामगार असा, नाहीतर बाहेरून आलेले ऑडिटर. साहेब चिडायचे, पण "हा" करायचे. मी लॅबमधली केमिस्ट, मूळची अमरावतीची. मलाही सूट नव्हती. "काका, फक्त पोहे खाल्लेत हो," मी म्हणायची. "कांदा कच्चा शे," ते गंभीरपणे सांगायचे.

असं जिथे तिथे नाक खुपसणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या काकांना मात्र कारण होतं. तरुणपणी ते कापडाच्या लूमवर कामाला असताना त्यांच्या खोलीतला एकजण कुठलंसं स्पिरीट पिऊन आंधळा झाला होता. त्याला हाताला धरून गावच्या गाडीत यांनीच बसवलं होतं.

इच्छापोरला आमचं काम स्पिरीट कोरडं करण्याचं. औषधांच्या कारखान्यांतलं वापरलेलं, पाणी मिसळलेलं स्पिरीट टँकरने येतं. ते गरम करून एका खास पडद्यावरून फिरवायचं. पडद्याला पाण्याची ओढ, तो पाणी शोषून पलीकडे सोडतो. स्पिरीट अलीकडेच राहतं. पलीकडचं पाणी ड्रममध्ये जमतं आणि सांडपाण्यात जातं. काका या पडद्यांचे ऑपरेटर. फार ओलं स्पिरीट आलं की पडदा फुगतो, बिघडतो. त्या दिवशी काका घरात कुणी आजारी असल्यासारखे डबा न उघडता बसायचे.

दारूबंदीच्या राज्यात असल्या कारखान्यात नोकरी म्हणजे चेष्टेला आमंत्रणच. लिंबायतला त्यांच्या गल्लीतले लोक रिकामे पेले पुढे करायचे. "आमचा माल पिवाना नही, हुंगाना बी नही," असं काका त्यांना बजावायचे आणि कारखान्यात येऊन दिवसभर माणसं हुंगायचे.

मुलीने फारच गळ घातली म्हणून त्यांनी जावयाला कंत्राटदाराकडे ड्रम भरायला लावलं. हसरा, गोड बोलणारा मुलगा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी जेवणाची सुट्टी संपली आणि काका जावयाची पाण्याची बाटली घेऊन लॅबमध्ये आले. चेहरा उतरलेला. याआधी एकदा त्याच्या तोंडाला वास आला होता, तेव्हा काकांनी त्याला बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. आज पुन्हा वास. जावयाचं म्हणणं, "पानी शे ते, दारू नही." ड्रममधलं पलीकडचं पाणी. त्यात थोडं स्पिरीट निसटून येतं, म्हणजे हलकी बिअरच, असा त्याचा हिशेब.

मी तपासलं. स्पिरीट खरंच थोडं होतं. पण मेथॅनॉल होतं. ते विष त्या वापरलेल्या मालातच असतं आणि त्याचा रेणू पाण्यासारखाच लहान, म्हणून पाण्याचा हात धरून पडद्यातून पार होतं. जे टाकून द्यायचं, नेमकं त्यातच ते साठतं.

"डोळे जातीन?" काकांनी विचारलं.

"आज नाही गेले. पीत राहिला तर जातील. जीवही जाईल."

ते स्टुलावर बसले. सांगितलं तर नोकरी जाणार, कदाचित पोलीस येणार, मुलीच्या चुलीवर पाणी पडणार. न सांगावं, तर शपथ मोडलेला माणूस उद्या पुन्हा त्याच ड्रमपाशी. मला भीती वाटत होती की ते म्हणतील, मॅडम, गप्प राहा. ते उठले, जावयाच्या मनगटाला धरून सगळ्यांदेखत त्याला गेटवर घेऊन गेले आणि वॉचमनला म्हणाले, "याले परत आत लेवानं नही. मना जवाई शे."

पोलीस आले नाहीत. पण कंत्राटदाराने जावयाचं नाव असं खराब केलं की हजीरा रोडवरच्या कारखान्यांत त्याला कुणी उभं करेना. दोन दिवसांनी मुलगी गेटवर आली. "लोक घरातलं झाकतात, बाबा. तुम्ही गेटवर मांडलं." मी तिला बाजूला घेऊन मेथॅनॉलचं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाबांनी पाठवलं का तुम्हाला?"

त्यानंतर ती वडिलांशी बोलली नाही. काकांनी वर्षाच्या आत काम सोडलं आणि गावी गेले. गेल्या हिवाळ्यात तिकडेच वारले. मुलगी मातीला गेली, जावई गेला नाही. मला काकांची आठवण आली की अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

परवा लिंबायतला रिक्षात बसले तर चालवणारा जावईच. आरशातून त्याने मला ओळखलं. "लॅबवाल्या मॅडम ना? थोड्या पाण्यापायी म्हाताऱ्याने माझी नोकरी खाल्ली," तो म्हणाला. आवाजात हसू होतं, पण ते जुनं हसू नव्हतं. मी म्हटलं, "ते पाणी मी तपासलं होतं." तो म्हणाला, "तुम्ही पण त्याच्याच बाजूच्या."

संध्याकाळची गर्दी होती. टेम्पो, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले लोक, त्यातून तो सुतासारखी रिक्षा काढत होता. एकदम त्याने हॉर्न वाजवला आणि हात हलवला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"बायको. ती काय, भाजीवाल्याच्या मागे. हिरवी साडी."

मी चष्मा पुसून पाहिलं. मला ती अजून दिसत नव्हती.