फ्रान्सची राजकन्या आंजीच्या तंबूत

वर्ध्याजवळच्या आंजी गावच्या बाजारातल्या सिनेमाच्या तंबूत पडद्याशेजारी छडी घेऊन उभा राहणारा तो माणूस मला अजून दिसतो. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. वर्ध्यात बोलपट जुने झाले होते, पण याच्याकडे एकच मूकपट, फ्रान्सच्या राजवाड्यातला. त्यामुळे राजा, शिपाई, घोडे, सगळ्यांचा आवाज हाच काढायचा.

नायकाने राजकन्येच्या हाताला ओठ टेकवले, तेव्हा बायांत कुजबुज झाली. त्याने छडी आपटली. "बहीण हाय थे त्याची!"

सगळे निवांत झाले. मग तलवारी चालल्या, नायक झुंबराला लोंबकळला, हा घसा बसेपर्यंत ओरडला. आणि शेवटी त्या दोघांनी मिठी मारून चक्क ओठांवर ओठ ठेवले.

तंबूभरच्या माना छडीवाल्याकडे वळल्या. त्याने छडीने पाठ खाजवली. अडलं की तो पाठच खाजवायचा.

"मामेबहीण हाय वो! राजा त्याचा सख्खा मामा!"

तंबूने श्वास सोडला. माझी आत्या मात्र उठून उभी राहिली. "मंग येवढ्या तलवारी काऊन? मामाले सरळ पोरगी मागाची ना!"

त्याने हात जोडले. "मामा तयार असता, माय, तं सिनेमा कायचा बनला असता, अन् मी इथं काऊन आलो असतो?"